अक्कांच्या खाटेसमोरची टाकी

आमचे घरमालक मला भाड्याच्या खोल्या दाखवायला आले ते हातात पाण्याचा ग्लास घेऊन. धुळ्याचं एप्रिलचं ऊन, मी स्टँडपासून पायी आलेली, घसा कोरडा पडलेला. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताला वळसा घालून ग्लास खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला, उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून पाण्याकडे बघत राहिले. "उगवतीकडे उतार शे," म्हणाले. "खाटंनं डोकं मावळतीकडे करा." मग तो ग्लास उचलून स्वतःच घटाघटा पिऊन टाकला. मला पाणी विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. हा माणूस सरळ नाही, हे माझं पहिलं मत. खोल्या मात्र स्वच्छ होत्या आणि टेलिफोन ऑफिस जवळ होतं, म्हणून मी राहिले.

त्यांना गल्लीत सगळे नाना म्हणत. मीही म्हणू लागले. ते मला 'ऑपरेटर बाई' म्हणत, कारण मी ट्रंक कॉल जोडून द्यायच्या बोर्डावर बसत असे. नानांची सगळी हयात एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर गेली होती. कापसाने भरलेल्या बैलगाड्या काट्याच्या फळीवर चढायच्या, नाना खिडकीतून वजन ओरडून सांगायचे. गाडी बरोबर मधोमध उभी नसली की ते बैलांनाही शिव्या घालत, असं त्यांचेच जुने सोबती कौतुकाने सांगत. नोकरी सुटली पण काट्याचा धर्म सुटला नाही. जगातली प्रत्येक वस्तू एका बाजूला झुकलेली आहे आणि लोक ते लपवताहेत, असा त्यांचा संशय होता.

म्हणून तो ग्लास. नवी खुर्ची आली, ठेव ग्लास. शेजाऱ्यांनी ओटा बांधला, चालले ग्लास घेऊन. एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पत्रावळीवरचं वरण एका बाजूला वाहिलं, तर हे उठले, मांडवाबाहेरून खापरीचा तुकडा शोधून आणला, पत्रावळीखाली सरकवला आणि मगच जेवले. वाढपी तोवर हातात बादली धरून उभा. मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, वरण थोडं कललं तर काय बिघडतं?" ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "पानी कोनाना बापनं आयकत नही, बाई. ते खरं तेच सांगस."

आता अशा माणसाने घर कुठे बांधावं? तर देवपुराच्या कडेला, जिथे काल-परवापर्यंत कपाशी उभी होती त्या काळ्या मातीत. ती जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आमच्या घराची दारं श्रावणात चौकटीत अडकून बसत आणि मार्चमध्ये आपोआप उघडत. भिंतीतल्या भेगा उन्हाळ्यात बोटभर होत, पावसात पुन्हा मिटत. गल्लीतल्या सगळ्यांचं असंच होतं आणि सगळ्यांनी ते सोडून दिलेलं होतं. नाना मात्र वर्षभर दारं तासत, खाटा-कपाटांच्या पायांखाली लाकडाच्या चिपा सरकवत, पुन्हा काढत फिरायचे. मला हसू यायचं. आपल्याच घराशी कुस्ती खेळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं हसण्यावारी न्यायला मी मोकळी होते, पण पुढच्या खोलीत शिरलं की हसू थांबत असे. तिथे अक्का होत्या, नानांची बायको. मी राहायला येण्याच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मान वळत नव्हती. डावा हात कोपरापासून थोडा हलायचा, आणि डोळे चांगले शाबूत होते. त्यांची एकुलती एक मुलगी सुरतेला दिलेली. ती दिवाळीत यायची, आईचे केस विंचरायची, रडायची आणि परत जायची. बाकी सगळं नाना करत. अंग पुसणं, कूस बदलणं, मऊ भात चमच्याने भरवणं. याबाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ते अक्कांशी बोलत नसत. त्यांच्याबद्दल बोलत. "तिले गरम व्हई राहिनं," "तिले झोप उनी." अक्कांच्या मनातलं आपल्याला 'बठ्ठं', म्हणजे सगळं, समजतं, याची त्यांना खात्री होती. दिवसभर लोकांचं बोलणं जोडून देऊन मी घरी यायची आणि ही खोली बघून माझा जीव घाबरा व्हायचा.

अक्कांना बघायला काहीतरी हवं म्हणून नानांनी माशांची टाकी आणली. तेव्हाच्या टाक्या असायच्या तशीच, लोखंडी अँगलची चौकट आणि तिच्यात पुट्टीने बसवलेल्या काचा. आत लाल गोल्डफिश. वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा, मग नाना तांब्याने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत बसायचे, वीज येईपर्यंत. अक्का माशांकडे बघत. त्यांचा डावा हात गोधडीवरून जरा वर उठायचा आणि एक बोट टाकीकडे व्हायचं. नाना लगेच उठून चिमूटभर खाणं टाकत. "तिले सोतानी भूक कळत नही," ते मला सांगत, "पन मासासनी भूक बराबर समजस." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. बायको अजून आपल्याला काहीतरी सांगते, एवढं एक सुख त्यांच्याकडे उरलं होतं.

एका रविवारी मी चहा घेऊन गेले, तर नाना अक्कांच्या उशीवर डोकं ठेवून खाटेच्या कडेला आडवे झालेले. दार उघडं, ओट्यावरून लोक येता-जाता बघताहेत. नाना शरमणाऱ्यांतले नव्हते. उठून म्हणाले, "बाई, तिले अर्धाच मासा दिसस." मग मलाही वाकायला लावलं. खरंच होतं. खोलीला दोन दारं, त्यामुळे खाट एकाच जागी मावत होती, आणि तिथून टाकीचा कोपरा नेमका समोर यायचा. चौकटीचा जाड लोखंडी खांब डोळ्यांच्या मधोमध. मासा एका बाजूने यायचा, लोखंडामागे जायचा, आणि अक्कांनी त्याच्या निघण्याची वाट बघत बसायचं. त्या एवढे दिवस हे असं बघत होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि नानांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. आजारी माणसाच्या उशीवर डोकं ठेवून बघायचं मला कधीच सुचलं नसतं.

चौकट नसलेली टाकी धुळ्यात मिळेना. नुसत्या काचा डिंकासारख्या कशाने तरी एकमेकींना चिकटवायच्या, लोखंड नाहीच, असं म्हटल्यावर इथले दुकानदार नानांना वेड्यात काढत. शेवटी जावयाने सुरतेत शोधून दिली. नाना स्वतः जाऊन, टाकी गोधड्यांत गुंडाळून, ओळखीच्या ट्रकमधून घेऊन आले. नवापूर, साक्रीमार्गे सगळा रस्ता ते ट्रकच्या मागच्या भागात टाकीला मिठी मारून बसले होते. अंगावर धुळीचा थर, मिशा पांढऱ्या. टाकी मात्र इतकी स्वच्छ होती की ओट्यावर ठेवली तेव्हा त्यात आधी आमच्या गल्लीचंच प्रतिबिंब दिसलं.

सुरतेच्या दुकानदाराने त्यांना बजावून सांगितलं होतं. लोखंडी चौकटीची टाकी चार कोपऱ्यांवर उभी राहते, पण या टाकीचं सगळं वजन तळाच्या पूर्ण काचेवर येतं. म्हणून खालचा स्टँड सपाट हवा, कुठेही पोकळ नको, आणि फळी व काच यांच्यामध्ये थर्मोकोलचा एक तक्ता घाला. जमीन हलली तर टाकी रिकामी करा आणि स्टँडच्या पायांखाली चिपा द्या, टाकीखाली नाही. नानांनी हे सगळं मला शब्दन् शब्द सांगितलं, म्हणजे त्यांनी ते ऐकलं नव्हतं असं नाही. स्टँड त्यांनी असा केला की त्यावर म्हैस उभी राहिली असती. जिनिंगच्या जुन्या माच्याचं लाकूड, मनगटाएवढे पाय, वर एकसंध जाड फळी, रंधा मारून गुळगुळीत केलेली. अक्कांना नीट दिसावं म्हणून उंची खाटेएवढीच ठेवली, आणि तो खाटेच्या अगदी जवळ मांडला. थर्मोकोलला मात्र ते हसले. "वजनखाले मऊ ठेवं का वजन खोटं येस," म्हणाले. आयुष्यभर काट्याच्या फळीखाली चिंधी सापडली तरी त्यांनी लोकांना फैलावर घेतलं होतं. आता स्वतःच्या हाताने ते मऊ काही ठेवणं शक्यच नव्हतं.

टाकी चढवायच्या आधी स्टँडची परीक्षा झाली. नानांनी मार्केट यार्डातून चार हमाल बोलावले, आणि ते कमी पडतील म्हणून मलाही बसवलं. आम्ही पाचजण त्या फळीवर खांद्याला खांदा लावून, समोर खाटेवर अक्का, आणि नाना खाली वाकून पायांकडे बघताहेत. "जोर दीसन बठा. हालनं का?" हमालांतला एक म्हणाला, "नाना, आमी हाललू तं हालीन." दुसऱ्याने चहा मागितला. आम्ही तिथेच बसून चहा प्यायलो. अक्का आमच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. नानांचं लक्ष पायांकडे होतं, त्यांनी ते पाहिलं नाही.

तो उन्हाळा चांगला गेला. काचेच्या मागे काच, मध्ये काहीच आडवं नाही, आणि मासे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग फिरताहेत. अक्कांचे डोळे त्यांच्याबरोबर फिरत. दुपारी खिडकीतून ऊन आलं की टाकीतल्या पाण्याचा उजेड त्यांच्या चादरीवर हलायचा. नाना बाजूला बसून सुपारी कातरत. मला वाटलं, आता यांचं असंच चालू राहील.

मग पाऊस लागला आणि काळी माती फुगली. लोखंडी पट्टी नसल्यामुळे पाण्याची रेघ आता उघडी होती. एका कोपऱ्याकडे पाणी चढलेलं साध्या डोळ्यांना दिसायचं. इतरांच्या घरात हे कुणी पाहिलंही नसतं. नानांच्या घशाखाली घास उतरेना. टाकी रिकामी करायची तर मासे बादलीत, पाणी उपसायचं, दोन दिवसांचं काम. मागे एकदा ती धुण्यासाठी रिकामी केली होती, तेव्हा अक्कांच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं होतं. ते नानांना पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून त्यांनी लहान पहार घेतली, तिला फडकं गुंडाळलं, टाकीचा एक कोपरा हलकेच उचलला आणि काचेखाली पाटीच्या दगडाचा तुकडा सरकवला. पाण्याची रेघ सरळ झाली. मी ऑफिसातून आले तर मला हाताला धरून दाखवायला नेलं. "देखा. आते बराबर शे." खरोखरच बरोबर दिसत होतं. मी म्हटलं, छान.

त्या आठवड्यात अक्कांचा हात सारखा वर व्हायला लागला. बोट टाकीकडे. नाना उठून खाणं टाकायचे. थोड्या वेळाने पुन्हा बोट. पुन्हा खाणं. पाणी गढूळ झालं, मासे फुगले, खाण्याचे कण तळाशी बसले. नाना कौतुकाने म्हणाले, "पावसायाम्हा भूक जास्त लागस त्यासले." अक्का बोट खाली घेत नव्हत्या. हात दमून पडायचा, आणि जरा वेळाने पुन्हा उठायचा. मला ते विचित्र वाटलं, तसं मी नानांना म्हटलंही. ते म्हणाले, "बाई, माले तिनं बठ्ठं समजस."

नाना पारोळ्याला एका मयताला गेले तो दिवस. सकाळी अक्कांचं सगळं आवरून गेले, दुपारी शेजारच्या बाईंनी येऊन भरवलं, दार लोटून त्या आपल्या घरी गेल्या. मी संध्याकाळी कामावरून आले तर ओट्याच्या पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं. आधी मला वाटलं, नळ चालू राहिला. दार ढकललं. टाकीची खाटेकडची काच गेली होती. फरशीवर काचा, वाळू, आणि मासे. सगळं पाणी आधी खाटेवर आदळलं असणार. अक्का गळ्यापर्यंत भिजलेल्या होत्या, थंडीने ओठ काळेनिळे पडले होते. ओरडायला आवाज नाही, उठायला अंग नाही. किती वेळ त्या तशा पडल्या होत्या हे कुणालाच कळलं नाही. मी ओली चादर ओढून काढायला गेले तर त्यांचा डावा हात उठेना. तळव्याखाली एक मासा होता. लाटेबरोबर खाटेवर येऊन पडलेला. त्यांनी तो ओल्या चादरीच्या चुणीत दाबून, जमेल तेवढा पाण्यात धरून ठेवला होता. तो केव्हाच मेला होता. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्या वेळी मी रडले, आणि अक्का माझ्याकडे बघत होत्या.

नाना शेवटच्या एसटीने आले. मी त्यांना दारातच सांगितलं. ते तसेच आत जाऊन स्टँडपाशी उभे राहिले. पाटीचा तुकडा फळीवर तसाच होता आणि तळाच्या काचेची चीर नेमकी त्याच्यापासून निघून खाटेकडच्या काचेत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर स्पष्ट दिसत होती. चिरेच्या कडेवर हिरवट शेवाळ धरलेलं होतं. म्हणजे ती आजची नव्हती. त्यांनी तो काचेचा तुकडा हातात घेऊन उभ्याने पाहिला, मग हळूच खाटेच्या कडेला आडवे झाले, अक्कांच्या उशीवर डोकं ठेवलं आणि तिथून पाहिला. उभ्या माणसाला न दिसणारी चीर खिडकीच्या बाजूने, त्या उंचीवरून चकाकत असणार.  तसेच पडून ते मला म्हणाले, "ती काच दखाडत व्हती, बाई. आनी मी खाऊ घालत व्हतू."

 मी खाली बसून फरशीवरच्या काचा वेचू लागले.

त्यानंतर नाना बदलले. म्हणजे ग्लास घेऊन हिंडणं तसंच चालू होतं, पण अक्कांचं बोट उठलं की ते आता उठून काही करत नसत. आधी विचारत. आयुष्यात पहिल्यांदा अक्कांकडे तोंड करून त्यांच्याशी बोलत. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावून, "हाई का? हाई का?" हो असेल तर अक्कांनी डोळे मिटायचे, असं ठरलं. पंखा, खिडकी, उशी, कंदील, भिंतीवरची खुंटी. कधी कधी भात गार होऊन जायचा आणि नाना अजून भिंतीपाशीच. आधी किती गोष्टी त्यांनी न विचारता समजून घेतल्या होत्या, ते आता एकेक करून उघडं पडत होतं. अक्कांना रेडिओ नको होता. उजेड हवा होता. भातात दूध तर कधीच नको होतं.

अक्का आता खंगत चालल्या होत्या. त्या भिजल्यापासून छातीत कफ धरला तो सुटलाच नाही. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी त्यांचं बोट पुन्हा समोर उठलं. नाना विचारू लागले. भिंत का? नाही. स्टँड का? अक्कांनी डोळे मिटले. नानांचा चेहरा पडला. "काढी टाकू का?" नाही. "दुसरी टाकी आनू?" नाही. "लोखंडी?" नाही. ते दमून फळीवरच टेकले आणि कपाळाला हात लावला. अक्कांनी डोळे मिटले. नानांनी ते पाहिलं नव्हतं; मी म्हटलं, "नाना, त्या हो म्हणताहेत." त्यांनी वर पाहिलं. "काय, मी? मी आठे बसू?" अक्कांनी पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी उघडायला जरा वेळ लावला.

तेव्हापासून नाना रोज संध्याकाळी त्या स्टँडवर बसायचे. आधी फळीवर ग्लास ठेवायचे, पाणी बघायचे, पायाखालची चीप ठीक करायची, ग्लास पिऊन टाकायचा आणि मग टाकीच्या जागी, अक्कांच्या बरोबर समोर मांडी घालून बसायचे.  अक्का त्यांच्याकडे बघायच्या. थंडी संपता संपता अक्का गेल्या.

पुढे माझी बदली जळगावला झाली. तिथे नवं यंत्र आलं, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले, बोर्ड गेले. बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी धुळ्याला गेले, तेव्हा वाट वाकडी करून नानांकडे गेले. दार अर्धवट अडकलेलं होतं, श्रावण होता. आत नाना त्या स्टँडवर बसलेले. समोर खाट, तिच्यावर चादर सरळ घातलेली, कुणी नाही. नानांना आता कमी दिसत होतं, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. "ऑपरेटर बाई का? या." आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी मला पाणी विचारलं. मी आत जाऊन दोघांसाठी दोन ग्लास आणले. त्यांचा ग्लास त्यांच्या शेजारी फळीवर ठेवला, आणि जुन्या सवयीने माझं लक्ष गेलं. पाणी एका बाजूला चांगलंच चढलं होतं.

"नाना," मी म्हटलं, "स्टँड कललाय हो. पायाखाली चीप देऊ का?"

त्यांनी ग्लासकडे पाहिलंही नाही. खाटेकडे बघत होते.

"कललाच शे. राहू द्या," ते म्हणाले. "काचले चालत नही, बाई. मानूसले चालस."